झडतीमावशीचा पुतळा

तुरुंगाचं संग्रहालय झालं आणि झडतीमावशीला मिशा फुटल्या.

खऱ्या मावशीला नव्हे, तिच्या मेणाच्या पुतळ्याला. हातांत घातलेले काळे मोजे, भुवया घारीच्या पंखांसारख्या ताणलेल्या आणि वरच्या ओठावर अशी काही गडद सावली, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, एखाद्या हवालदाराला ऐनवेळी बाईची भूमिका करायला उभं केलंय आणि बिचाऱ्याला दाढी करायलाही फुरसत मिळाली नाही. पुतळ्याशेजारी काचेची पेटी, पेटीत लाल मखमल आणि मखमलीवर एक कवळी. वरच्या जबड्याची. दोघांच्या मध्ये पितळी पाटी: ‘क्रूर झडतीवालीच्या डोळ्यांत धूळ फेकून बाईसाहेबांनी याच दारातून ही कवळी आत नेली.’

खरी मावशी त्या वेळी दोन गल्ल्या पलीकडे आपल्या पायरीवर वाटाणे सोलत बसली होती. सोललेले निम्मे भांड्यात, निम्मे तोंडात. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

ती इमारत जन्माला आली तंबाखूचं गोदाम म्हणून. पुढे फौजेने तिथे घोडे बांधले. मग गडबडीची वर्षं आली आणि सरकारला घोड्यांपेक्षा माणसं बांधायची जास्त गरज भासू लागली. खिडक्यांना गज आले, दारांना अडसर आले, भिंतींना नवा रंग आला. संडासांना मात्र कोणत्याच सरकारने हात लावला नाही. उन्हाळ्यात भिंती तापल्या की आतला जुना तंबाखू घमघमायचा आणि नवा कैदी आत पाऊल टाकताच धडाधड शिंकायचा. देशासाठी छाती पुढे काढून आलेला माणूस जेलरसमोर उभा राहून ‘मी या सरकारला...’ एवढंच म्हणायचा, पुढे नुसतं आक्छी. जेलर म्हणायचा, “समजलं. लिहून घ्या, सरकारला शिंकला.”

कैदी आले तशा त्यांच्या बायका, आया, बहिणीही भेटीला येऊ लागल्या. दारावर शिपाई त्यांची झडती घ्यायचे. त्यावरून एकदा असा गदारोळ झाला, की एका आजीबाईने शिपायाच्या कानाखाली आवाज काढला आणि सगळी रांग टाळ्या वाजवायला लागली. जेलर हबकला. म्हणाला, “झडतीला बाई आणा. कुठूनही आणा.”

समोरच्या शिंप्याच्या दुकानात एक बाई काजं-बटणं करायची. तिचा नवरा एका सर्कशीबरोबर निघून गेला होता. “कुठल्या जनावराच्या जागी घेतलं त्याला, देव जाणे,” असं ती स्वतःच सांगायची आणि गिऱ्हाइकांना हसवायची. पदरात एक मुलगा. शिंपी पैसे द्यायचा ते दुकान बंद करताना, तेही आठवण केली तर. तिने जेलरचा निरोप ऐकला, दाताने दोरा तोडला आणि सुईसकट रस्ता ओलांडला. त्या दिवसापासून ती झडतीमावशी.

कामाला ती पहिल्याच दिवशी चपखल बसली. शिवणीवरून बोट फिरलं की अस्तरात काय दडलंय ते तिला कळायचं. आणि तिचं बोलणं ठरलेलं. चार वाक्यं, एका पट्टीत, श्वास न घेता: “हात वर. गिरकी घे. तोंड उघड. चल पुढे.” नाटक कंपनीत वर्षानुवर्षं एकच भूमिका करणाऱ्या नटाला जसं झोपेतून उठवलं तरी भाषण बिनचूक येतं, तसं. आणि समोरच्या बायकांनाही पुढे पुढे इतकी सवय झाली, की मावशीने तोंड उघडायच्या आधीच हात वर, गिरकी पूर्ण आणि जबडा आ वासलेला. दारावर हा खेळ रोज रंगायचा आणि कुणालाही तालमीची गरज पडायची नाही.

मावशी सज्जन होती, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भेटीला आणलेलं खाणं आत न्यायला बंदी होती. सापडलं तर जागच्या जागी नष्ट करावं, असा नियम. मावशी नियमाची पक्की. केक असो, सुका मेवा असो, उकडलेली अंडी असोत, ती जागच्या जागी नष्ट करायची आणि वर मत द्यायची.

“मीठ कमी पडलंय ग.”

“मावशी, नवऱ्यासाठी आणलं होतं हो!”

“मग त्याला सांग, वाचला.”

गुडघा ठणकत नसला तर एखादी वस्तू तिच्या बोटांना जाणवायची नाही. लोकरीचे मोजे, साबणाची वडी, कुणाच्या बाळाचा फोटो. गुडघा ठणकत असला तर टाचणीसुद्धा जाणवायची. दयामाया म्हणावी तर तिचं वेळापत्रक गुडघ्याच्या हातात होतं.

ती बोलायची मात्र फार मोठ्याने. “ए, अंघोळ करतेस की नुसती ठरवतेस?” “हे केस आहेत की घरटं?” रांगेतल्या बायका दातओठ खायच्या. नव्या आलेल्या रडायच्या. पण झडतीच्या खोलीची मागची भिंत चौकशीच्या खोलीला लागून होती आणि त्या भिंतीतून कधी कधी आवाज यायचे. ते सुरू झाले की मावशीचा आवाज चढायचा. टोमणे वाढायचे, एकीची झडती दोघींच्या वेळेएवढी लांबायची. बायका तिच्यावर चिडायच्या आणि चिडलेल्या माणसाला भिंतीपलीकडचं ऐकू येत नाही. हे तिने ठरवून केलं की आपोआप होत गेलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. घरी गेल्यावर तिचा घसा बसलेला असायचा, एवढं खरं.

तर अशाच एका दिवशी त्या भिंतीपलीकडे भाषणमास्तरांची कवळी फुटली.

भाषणमास्तर म्हणजे शाळामास्तरकी सोडून चळवळीत शिरलेले गृहस्थ. बोलायला उभे राहिले की ऐकणाऱ्यांनी घरी निरोप पाठवावा, उशीर होईल म्हणून. वरचे दात तरुणपणीच गेलेले, सगळी मदार कवळीवर. चौकशीवाल्याच्या दंडुक्याने नेमकी तिचीच दोन शकलं केली. तेव्हापासून हा माणूस जाळीच्या पलीकडून बायकोला “फाफा फू फा” असं काहीतरी सांगायचा. बायको उंच मानेची, चटपटीत, बोलण्यात नवऱ्यालाही मागे टाकणारी. तिला एक अक्षर कळायचं नाही. ती रडायची, तो चिडायचा, पुन्हा “फाफा फू फा”. भेटीची वेळ उलटून जायची. रांग तुंबायची आणि भेटीच्या खोलीत पहारा करत उभ्या असलेल्या मावशीचं जेवण डब्यात थंड व्हायचं.

बायकोने दातांचा डॉक्टर गाठला. त्याच्याकडे जुना साचा होता. त्याने नवी कवळी करून दिली. आता ती आत न्यायची कशी? अस्तरात ठेवली तर मावशीचं बोट. अंबाड्यात ठेवली तर मावशीचं बोट. शेवटी तिने ती आपल्या तोंडात ठेवली. स्वतःच्या बत्तीशीवर नवऱ्याची कवळी, ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी.

टेबलावर बसलेल्या कारकुनाने विचारलं, “कुणाला भेटायचं?”

“म्म्म.”

“काय?”

“म्म्म्म!”

“हिला काय झालं?” कारकुनाने मावशीकडे पाहिलं.

एरवी रांगेत उभी राहिल्यापासून सरकारचा उद्धार करणारी बाई आज मुकी. गालांचा आकार घोड्याच्या नालासारखा. मावशीने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा आपल्या डब्याकडे पाहिलं.

“दाढ सुजलीय तिची,” ती म्हणाली. “माझी पण सुजते. हात वर. गिरकी घे. चल पुढे.”

आत पाण्याचा पत्र्याचा मग असायचा. तो जाळीखालच्या फटीतून इकडून तिकडे सरकवता यायचा. बायकोने तो मग तोंडाला लावला, कवळी त्यात सोडली आणि मग पलीकडे सरकवला. भाषणमास्तर प्यायले आणि स्पष्ट, खणखणीत, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं म्हणाले, “पाणी गढूळ आहे.”

ज्या दातांसाठी एवढा आटापिटा झाला, ते हाती आल्यावर या महाभागाने काय केलं असेल? अंगणात उभं राहून दणदणीत भाषण ठोकलं आणि उपोषण पुकारलं.

पुढे गडबड संपली. आतले बाहेर आले, बाहेरचे आत गेले. मावशी तिथेच राहिली. तोच स्टूल, तोच एक पाय आखूड म्हणून खाली सरकवलेला लाकडाचा तुकडा, तीच चार वाक्यं. एक दिवस जुन्या जेलरची बायको रांगेत आली. कालपर्यंत मावशीला ‘ए बाई’ म्हणून हाक मारणारी.

“हात वर.”

“मला ओळखलं नाहीस?”

“ओळखलं, म्हणूनच. गिरकी घे.”

भाषणमास्तर सरकारात गेले आणि काही वर्षांनी आणखी वर गेले. त्यांच्या जागी बायको निवडून आली, मंत्री झाली आणि सगळ्यांची बाईसाहेब झाली. निवडणुकीच्या प्रत्येक सभेत ती कवळीची गोष्ट सांगायची. गाल धरून दाखवायची, विव्हळून दाखवायची. “मी असं सोंग केलं, की ती जल्लाद झडतीवाली पार फसली!” लोक टाळ्या पिटायचे, शिट्ट्या मारायचे. गोष्ट बेतलेली सुरेख होती. तिच्यात एक खोट होती, पण ती ठाऊक असलेली बाई सभांना जात नव्हती. पेन्शनीत वाटाणे सोलत होती.

मग संग्रहालय झालं. कवळीचं नवं दालन उघडायला बाईसाहेब स्वतः येणार म्हणून जवळच्या शाळेची मुलं झेंडे हलवायला बोलावली. आधी एकदा मुलांना नेऊन कुठे उभं राहायचं ते दाखवलं. त्या मुलांत मावशीची नात होती. वय दहाच्या आसपास, आणि प्रश्न विचारायची खोड आजीकडून आलेली.

ती घरी आली, दप्तर भिरकावलं आणि पायरीवर आजीसमोर उभी राहिली.

“आजी, तू क्रूर होतीस?”

मावशीने वाटाणा तोंडात टाकला. “थोडी. गुडघ्यावर अवलंबून.”

“आणि बावळट?”

वाटाणे सोलणारे हात थांबले.

“बावळट कोण म्हणालं?”

“पाटीवर लिहिलंय. तुझ्या डोळ्यांत धूळ फेकली म्हणून. तोंडात एवढी मोठी कवळी होती आणि तुला दिसली नाही. सगळा वर्ग हसला. मी सांगितलं पण नाही की ती माझी आजी आहे म्हणून.”

शेवटचं वाक्य मावशीला लागलं. पण आधीचं जास्त लागलं. जन्मभर लोकांनी तिला काय काय म्हटलं होतं. राक्षसीण, सरकारची मांजर, अंडीखाऊ. यातलं प्रत्येक विशेषण तिने मान डोलावून स्वीकारलं होतं, कारण प्रत्येकात काहीतरी तथ्य होतं. पण तिच्या हातून वस्तू निसटली? तिच्या? अस्तरातली टाचणी बोटाने वाचणारीच्या?

“मला दिसली होती,” ती म्हणाली. “मीच सोडली.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तेव्हा सांगितलं असतं तर मला पण आत टाकलं असतं. झडती कोणी घेतली असती माझी?”

“आता सगळे असंच म्हणणार,” नात म्हणाली. “पाटीवर लिहिलंय ते खरं.” आणि ती आत निघून गेली.

सून भाजी चिरता चिरता सगळं ऐकत होती. “अहो आई, जाऊ द्या ना. म्हातारपणी कशाला कुणाशी भांडायचं?”

“म्हातारपणीच भांडायचं. तरुणपणी नोकरी असते.”

दुसऱ्या दिवशी मावशी संग्रहालयाचं तिकीट काढून, दोरी ओलांडून, अजून न उघडलेल्या आपल्याच जुन्या खोलीत शिरली. पुतळ्यासमोर उभी राहिली. वरून खाली, खालून वर बघितलं.

“हे कोण?”

संग्रहालयाचा साहेब एक काटकुळा, नम्र तरुण होता. तो म्हणाला, “आजीबाई, या झडतीवाल्या बाई.”

“मोजे कशाला घातलेत हिला? मोजे घालून शिवण कळते होय? आणि या मिशा?”

“शिल्पकाराची कल्पना. जरा धाक वाटावा म्हणून.”

“धाक मिशांनी वाटत नाही रे राजा. मी आहे ती.”

साहेबाने तिच्याकडे पाहिलं, पुतळ्याकडे पाहिलं आणि पटकन खुर्ची पुढे केली. त्याने सगळं ऐकून घेतलं. पाणी दिलं. मग मान खाली घालून म्हणाला, “तुमचं खरं असेल. पण बाईसाहेबांनी सांगितलं तसं लिहिलंय. त्यांनी स्वतः ‘बदला’ म्हटल्याशिवाय मी अक्षर हलवू शकत नाही. तुम्हीच भेटा ना त्यांना, उद्घाटनाला येताहेत.”

झालं. मावशीने भाषण तयार केलं. आरशासमोर उभं राहून तालीम केली. ‘बाईसाहेब, आपण थोर आहात, परंतु आपल्या कथेत एक चूक आहे,’ इथून सुरुवात. सुनेला प्रेक्षक म्हणून बसवलं. सून मध्येच उठून दूध उतरवायला गेली, तरी मावशी थांबली नाही. नातीला मात्र तिने काही सांगितलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी खोली गच्च भरली होती. फुलांचे हार, फोटोवाले, कॅमेरे, झेंडे घेतलेली मुलं. साहेबाने मावशीला पुतळ्याजवळ उभं केलं. उभं राहून गुडघा ठणकायला लागला, तसा तिने पुतळ्यामागे ठेवलेला स्टूल ओढला आणि बसली. बसताच कळलं. हा आपलाच. तो लाकडाचा तुकडाही तसाच.

तेवढ्यात दारात बाईसाहेब आल्या. मान तेवढीच उंच, केस पांढरेशुभ्र. दार अरुंद, एका वेळी एकच माणूस आत येईल असं. त्या एकट्या पुढे आल्या आणि मावशीच्या समोर थांबल्या.

मावशीने भाषणासाठी तोंड उघडलं. ‘बाईसाहेब, आपण थोर...’ काहीच येईना. डोकं कोरं. आरशासमोरचं एकही वाक्य जागेवर नव्हतं. विंगेत सांगणारं कुणी नाही, समोर प्रेक्षक खोळंबलेले आणि बूड त्या स्टुलावर. अशा वेळी नटाच्या तोंडून जे निघतं तेच निघालं.

“हात वर.”

आणि बाईसाहेबांचे हात वर गेले!

कुणाला काही कळायच्या आत. हातातला पुष्पगुच्छ एका फोटोवाल्याच्या डोक्यावर पडला. सुरक्षारक्षक पुढे धावला, पण धावून थबकला, कारण हात वर करून उभ्या असलेल्या मंत्रीणबाईंना वाचवायचं कुणापासून? स्टुलावरच्या म्हातारीपासून?

“गिरकी घे.”

बाईसाहेबांनी रेशमी शालीसकट गिरकी घेतली. आणि गिरकी पूर्ण करून समोर येताच, मावशी पुढचं काही म्हणायच्या आत, त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं. चांगलं मोठं, घशापर्यंत.

मावशी स्टुलावरून वाकली, सवयीने आत डोकावली.

“आता स्वतःचीच आहे ना ग?”

बाईसाहेबांनी तोंड मिटलं. गाल लाल झाले. त्यांनी आत्ता नीट पाहिलं.

“मावशी? तुम्ही?”

“मीच. मिशा काढल्या.” मावशीचा आवाज आता तिला सापडला होता. “एक सांग. आत्ता मी न सांगता तोंड उघडलंस. दर खेपेला उघडायचीस. मग त्या दिवशी का नाही उघडलंस?”

“त्या दिवशी?” बाईसाहेब म्हणाल्या. “त्या दिवशी तुम्ही म्हणालाच ना...”

वाक्य अर्ध्यावर राहिलं. वर्षानुवर्षं सभांतून सांगितलेली गोष्ट, ठरलेल्या टाळ्या, गाल धरून केलेला अभिनय, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं. कॅमेरे चालू होते. त्यांना वाक्य गिळता आलं असतं. त्या राजकारणात मुरलेल्या होत्या, याहून मोठ्या गोष्टी त्यांनी गिळलेल्या होत्या. खोलीभर माणसं वाट बघत होती आणि मुलांच्या रांगेतून एक मुलगी झेंडा खाली करून पुढे सरकली होती.

“तुम्ही म्हणालाच नाहीत,” बाईसाहेब सावकाश म्हणाल्या. “तोंड उघड म्हणालाच नाहीत.” आणि मग त्या हसायला लागल्या. पोट धरून, शाल सावरत, अशा की त्यांची स्वतःची कवळी सुटायला आली आणि त्यांनी ती सगळ्यांदेखत अंगठ्याने जागेवर बसवली. “अग बाई! म्हणजे मी उगाच एवढी विव्हळले?”

“फार वाईट विव्हळत होतीस,” मावशी म्हणाली. “कारकुनाला संशय आला होता. सांभाळून घेताना माझा जीव गेला.”

“पण का सोडलंत?”

आता सगळी खोली थोर उत्तरासाठी कान टवकारून उभी होती. मावशीने नातीकडे पाहिलं. क्षणभर तिला मोह झाला. मग म्हणाली, “रोज तुझा नवरा फाफा फू फा करायचा आणि माझं जेवण गार व्हायचं.”

पहिल्यांदा हसली ती नात. सगळ्या खोलीच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. आणि शेजारच्या मुलीला कोपर मारून म्हणाली, “माझी आजी आहे ती.”

बाईसाहेबांनी साहेबाला हाक मारली. “पाटी बदला.”

“काय लिहू, बाईसाहेब?” त्याने खिशातून पेन काढलं.

बाईसाहेबांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने जरा विचार केला.

“लिही, दाढ सुजली होती.”

आज तिथे तेवढंच लिहिलेलं आहे. लांबून आलेले पाहुणे काचेतली कवळी बघतात, पाटी वाचतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पुतळ्याच्या हातातले मोजे काढून टाकलेत. मिशा तशाच राहू द्या, असं मावशीनेच सांगितलं. शिल्पकाराने मेहनत घेतलीय, ती म्हणाली, आणि पुतळ्याला एखादी तरी गोष्ट माझ्यापेक्षा जास्त असू दे.